हाकेमागचं पाणी

“ताई, मोरीत आहात का हो? सोडू का पाणी?”

इतकी वर्षं उलटली, तरी ती हाक थोरलीच्या कानात तशीच होती. कोवळी, शेवटाला जरा वर उचललेली, चिमणीनं उडायच्या आधी शेपटी उचलावी तशी. आणि यायची कुठून, तर भिंतीतून. नुकतीच लग्न होऊन आलेली धाकटी जाऊ वरच्या मजल्यावर बादलीच्या कडीला हात घालून उभी असायची आणि तिचा आवाज लोखंडी नळीतून घरंगळत खाली थोरलीच्या पायाशी यायचा. थोरली हातातलं भांडं बाजूला सारून ओरडायची, “सोड!” मग आधी एक दमदार घरघर आणि मागून पाणी.

घर मुळात एकमजली होतं. मोरीतलं घाण पाणी वाहून नेणारी नळी जमिनीखालून अंगणातल्या चेंबरला जायची आणि तिचंच एक टोक भिंतीतून वर चढून गच्चीवर आ करून उभं असायचं. धाकट्या दिरांचं लग्न ठरलं तेव्हा गच्चीवर खोल्या चढल्या. गवंड्यानं ती नळी कापली नाही. वरच्या मोरीच्या कोपऱ्यात, खिडकीलगत, खांद्याएवढ्या उंचीवर तिचं तोंड तसंच उघडं राहू दिलं आणि वरच्या मोरीचं पाणीही खालच्या अंगाला तिलाच जोडून दिलं. एक नळी, दोन संसार. नळी बारीक, जुन्या हिशेबाची. वरून आणि खालून एकदम पाणी सोडलं की तिचा जीव गुदमरायचा आणि खालच्या मोरीत घोट्याएवढं तळं साचायचं.

म्हणून सासूबाईंनी नेम घालून दिला होता. वरचीनं विचारायचं, खालचीनं सांगायचं. हाकेशिवाय थेंब सोडायचा नाही.

नेम पाण्यासाठी घातला, पण त्यातून वाहायला लागलं भलतंच. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की दोघी जावा नळीशी यायच्या. एक वरच्या तोंडाशी, एक खालच्या जाळीशी. कोणी कोणाला काय बोललं, कोणाच्या नवऱ्यानं कोणती वस्तू कुठं ठेवून घरभर शोधली, सगळं नळीतून. धाकटीला ओळी जुळवायचा नाद. ती नळीत तोंड घालून म्हणायची,

“नळीच्या तोंडापाशी, वर मी नि खाली ताई,
मधी भिंत बिचारी गं, तिला चुगली येत नाही.”

थोरली हसून हसून ओल्या फरशीवर बसायची. तिला काही पटकन जुळायचं नाही, पण एकदा तिनंही जुळवलं होतं,

“आधी धाड तुझी हाक, मागून धाड गं पाणी,
हाकेविना येई पाणी, ते गं परक्याच्यावाणी.”

“वा! ताई, तुम्ही तर छुप्या रुस्तम निघालात,” वरून आवाज आला होता. त्या गमतीत तिकडे सासूबाई जाग्या झाल्या होत्या आणि दोघींनाही बोलणी बसली होती.

सासूबाई गेल्या. मग सासरे गेले. दिवस गेले तशा दोघी आपापल्या मजल्यावर रुजल्या. तरी हाक राहिली होती.

ती हाक बंद पडली थोरल्याच्या, थोरलीच्या नवऱ्याच्या, आजारपणात. माणूस खाली अंथरुणाला खिळलेला, झोपेचं नाव नाही. कशीबशी दुपारी जरा झापड आली, की नेमकी वर पुतणीची दोरीवरच्या उड्यांची वेळ. धप्‌, धप्‌, धप्‌. थोरली जिना चढून वर गेली. दारातूनच म्हणाली, “माणूस झोपलंय खाली. जरा पाय जपून टाका.” धाकटी तेव्हा शेगडीशी उभी होती, अंगात कणकण होती, एक भांडं नुकतंच उतू गेलं होतं. तिच्या तोंडून निघून गेलं, “आता काय हवेत चालू आम्ही?”

त्याच आठवड्यात थोरला गेला.

एरवी असल्या बोलण्याचं दुसऱ्या दिवशी हसू झालं असतं. पण हसायला दुसरा दिवस मिळाला नाही. माणसांनी भरलेल्या घरात धाकटी येऊन थोरलीच्या शेजारी बसली, तिचा हात हातात घ्यायला गेली, तर थोरलीनं हात पदराखाली ओढून घेतला. एवढंच. भांडण नाही, तंटा नाही. धाकटी मान खाली घालून उठली आणि त्यानंतर जिन्याच्या पायऱ्या जणू वाढत गेल्या. कोणी वर जाईना, कोणी खाली येईना. समोरासमोर आलंच तर, “दूधवाला आला होता का?” “आला होता,” एवढ्यावर भागायचं.

त्या दिवसांत थोरली मोरीतच बसून असायची. चार कपडे भिजवायची आणि पिळता पिळता विसरून जायची. वरच्या मोरीतले आवाज जाळीतून तिच्यापर्यंत यायचे. मग्याचा ठणका, पुतणीचं बेसूर गाणं, धाकट्या दिरांचं चूळ भरणं. वरचं घर सकाळी उठतंय, जेवतंय, निजायला जातंय, हे सगळं तिला नळी सांगायची. आणि एक दिवस नळी मुकी झाली. आवाज येईनात. थोरली किती वेळ जाळीशी कान लावून बसली. काही नाही. ती पदराला हात पुसत उठली आणि मनाशी म्हणाली, आवाजसुद्धा तोडला म्हणायचा.

*

वर वॉशिंग मशीन आलं ते अलीकडचं. दोन माणसांनी जिन्यातून चढवताना केवढा तरी गोंधळ घातला होता, म्हणून खाली थोरलीला कळलं. त्यानंतर एका सकाळी ती सिंकमध्ये कप विसळत होती. खालून आधी गट्‌ असा आवाज आला, कोणी घुटका गिळावा तसा. मग भोकातून एक बुडबुडा वर आला. मग दुसरा. आणि बघता बघता राखाडी, कोमट, फेसाळ पाणी सिंकमध्ये चढायला लागलं. तिनं कप उचलला तोवर बशी तरंगायला लागली होती. पाण्याला साबणाचा वास होता, वरच्यांच्या साबणाचा. मोरीची जाळीही डबडबली. पाणी काठाला टेकलं, तिथंच थांबलं आणि मग हळूहळू, उपकार केल्यासारखं, उतरलं.

थोरली तिथंच उभी राहिली. तिला पाण्याचं दुःख नव्हतं. पाणी पुसता येतं. आधी हाक आली नव्हती.

मशीनला काय माहीत या घरचा नेम? ते आपलं वेळ झाली की पाणी ढकलून मोकळं होई. पण थोरलीला ते मशीन दिसतच नव्हतं. तिला दिसायची नळीच्या वरच्या टोकाला उभी असलेली, ओठ मिटलेली धाकटी. दर सकाळी गट्‌ झालं की ती सिंकमधली भांडी मुकाट उचलायची, ओट्यावर मांडायची, पाणी उतरलं की सिंक घासायची. कोणाला एक शब्द बोलली नाही. शेवटी एक दिवस फेसात देवघरातली छोटी समई बुडाली, घासायला ठेवलेली. त्या दिवशी तिनं लेकीला फोन लावला.

“मला घेऊन जा इथून.”

लेक दुसऱ्या गावाला होती. कधीपासून म्हणत होती, आई, एकटी काय करतेस तिथं, ये माझ्याकडे. पण आता आईनंच म्हटल्यावर ती दचकली. “काय झालं? बरं नाही का?”

“मला काय होतंय. वरचे रोज माझ्या अंगावर घाण पाणी सोडतात.”

“अंगावर?”

“सिंकमध्ये. एकच झालं.”

“आई, काकूला सांगितलंस का?”

“सांगायचं काय त्यात? तिला दिसत नाही?”

“अगं, वरून खालचं सिंक कसं दिसेल?”

“मन असलं की दिसतं.”

लेकीनं एक सुस्कारा सोडला. “बरं. येते रविवारी गाडी घेऊन. कपडे तेवढे बांधून ठेव, बाकीचं मागाहून बघू. पण तोवर प्लंबरला बोलाव. घर बंद करायचं तर तुंबलेलं नको करायला, आल्यावर दारात उभं राहवणार नाही.”

“आल्यावर कोण येतंय,” थोरली म्हणाली, पण तोवर फोन बंद झाला होता.

*

शनिवारी दुपारी पानाकाका आला. खरं नाव त्याच्या बायकोला माहीत असेल. खांद्यावर कायम पाना, म्हणून गल्ली त्याला पानाकाका म्हणायची. उंच, वाकलेला माणूस. नळांशी बोलायची सवय. माणसांशी बोलताना तो जरा बिचकायचा, पण नळासमोर बसला की गप्पांना तोंड फुटायचं.

“काय गं बये, काय गिळलंस?” त्यानं सिंकच्या भोकात बोट घालून विचारलं. मग थोरलीकडे वळून म्हणाला, “खरकटं टाकत असाल तुम्ही यात.”

“एकट्या बाईचं खरकटं ते किती? चमचाभर नाही.”

“चमचा चमचा करूनच तुंबतं बाई. माझा पंधरा आळ्यांचा अनुभव आहे.”

त्यानं सिंकखालच्या पाइपाचा वाकडा बाक सोडवला, बादलीवर उलटा केला. त्यातून स्वच्छ पाणी पडलं आणि एक बटण. थोरलीनं बटण उचललं, पुसलं. “हे हरवलं होतं माझं.”

“मग फुकट नाही आलो,” पानाकाका ओशाळून हसला आणि पुन्हा तिथंच डोकं खाजवत बसला. सिंक निर्दोष निघालं होतं. मग तो मोरीत गेला, जाळी उचलली. नळी भिंतीतून उतरून जमिनीत जिथं वळते तिथं जुनं झाकण होतं. ते उघडायला त्याला पान्यावर उभं राहावं लागलं. वाकडी सळई आत घातली, फिरवली, ओढली आणि हातभर लांब, ओला, राखाडी बोळा बाहेर आला. कोणी आतल्या आत लोकर विणत बसावं तसा.

“हा बघा तुमचा चोर. कपड्यांचं तूस. मशीन कपडे घुसळतं, त्याचं तूस पाण्यात येतं आणि या जुन्या नळ्या आतून गंजून खरखरीत झालेल्या. धरून ठेवतात. आणि मशीनचा पंप जोरात ढकलतो. बादली ओतली तर पाणी आपल्या पायानं चालत जातं. मशीनचं पाणी धावत येतं. पुढं वाट अडलेली. मग जाणार कुठं? पहिलं दार दिसेल तिथं. ते दार म्हणजे तुमचं सिंक.”

थोरलीचं लक्ष बोळ्याकडे होतं. तिनं वाकून त्यातला एक पदर काडीनं उलगडला. निळं तूस. पुतणीच्या शाळेच्या कपड्यांचं. पोर कधी एवढी मोठी झाली की शाळेचा निळा गणवेश आला? आधी तर पिवळा होता. हिरवा दोरा होता एक. तो तिनं ओळखला. तिनंच विणलेला धाकट्या दिरांचा स्वेटर. अजून घालतात म्हणजे. पांढऱ्या पट्टीचा चुरा होता, जखमेवर बांधतात तसल्या. कोणाला लागलं असेल? कोणी सांगितलं नाही. वरच्या घराचे किती तरी महिने त्या बोळ्यात गुंडाळून तिच्या मोरीत येऊन पडले होते आणि ती वरवर फेस पुसत बसली होती.

“फेकू ना?” पानाकाकानं विचारलं.

“हं,” ती म्हणाली. पण काडी तिच्या हातातच राहिली.

पानाकाका जिन्याशी जाऊन ओरडला, “ओ वहिनी, मशीनचं पाणी सोडा जरा!” वर पावलं वाजली. मग घरघर. सिंकमध्ये पाणी चढलं नाही. पण त्यानं दोन मोठे ढेकर दिले, फेसाचा एक फवारा उडाला आणि शेवटी एक लांब चूस असा आवाज होऊन बाकातलं पाणीच खाली ओढलं गेलं. मागून गटाराचा वास वर आला.

पानाकाकानं नाक मुरडलं. “अर्धं दुखणं गेलं. अर्धं राहिलंय. हिला हवा मिळत नाहीये.”

“पाण्याच्या नळीला हवा कशाला?”

“बाटली उलटी करून बघितलीय कधी? भरलेली? धड पडत नाही पाणी. गुळगुळ करतं, थांबतं, पुन्हा गुळगुळ.”

“तेलाचा डबा,” थोरली म्हणाली. “एकच भोक पाडलं तर तेल अडून बसतं. दुसऱ्या कडेला दुसरं भोक पाडावं लागतं.”

“झालं! माझं काम सोपं केलंत. पाणी जायचं तर मागून हवा यायला पाहिजे. नाही आली तर ते जिथून मिळेल तिथून ओढून घेतं. तुमच्या सिंकच्या बाकातलं पाणी असं ओढून नेलं, आणि बाक कोरडा पडला की वासाला रान मोकळं.” त्यानं भिंतीवर थापटलं. “हिचं दुसरं भोक कुठं असेल? जुन्या घरांत गच्चीवर असतं.”

थोरलीची काडी तुसात थांबली. मग म्हणाली, “वर आहे. वरच्या मोरीत. खिडकीशी. उघडंच असतं ते. आम्ही त्यातून…”

“त्यातून काय?”

“काही नाही. जाऊन बघा.”

“तुम्ही चला की. दाखवा.”

“दिसेल तुम्हाला,” ती म्हणाली आणि काडीनं पुन्हा तूस उलगडायला लागली.

*

वर पानाकाका गेला त्याची पावलं थोरलीनं ऐकली. मग काही ऐकू आलं नाही. नळी मुकीच होती. ती ओली फरशी पुसत होती, तेवढ्यात भिंतीत काहीतरी सरकलं, घासलं आणि एकदम, कानातला दडा निघावा तसा, वरचा अख्खा आवाज तिच्या मोरीत ओतला गेला.

“…काढू नका हो ते! राहू द्या.”

धाकटीचा आवाज. इतका जवळ, की थोरलीनं मागं वळून पाहिलं.

“राहू द्या म्हणजे? अहो, हाच तर बोळा आहे. मशीनचा पाइप आत हातभर खुपसून भोवती हे गच्च कोंबलंय. कोणी केलं हे?”

“दुकानाचा माणूस आला होता मशीन बसवायला. नळीच्या तोंडात हे आधीचंच होतं. त्यानं ते जरा सरकवलं, त्याच्यात पाइप बसवला आणि पुन्हा दाबलं. म्हणाला, आता हलणार नाही.”

“हलत नाही हे खरं. हवाही हलत नाही. मशीन मधेच रिकामं होतं का तुमचं?”

“होतं ना! भरतं नि निघून जातं, भरतं नि निघून जातं. कपडे कोरडेच. मी म्हटलं, मशीनच खोटं निघालं.”

“मशीन खरं आहे. पाइप एवढा खोल आणि घट्ट बसवला, तर नळी पाणी ओढतच राहणार. पाइप वर घ्यायचा, जेमतेम टोक आत, भोवती मोकळी जागा. तुम्हाला पाणी पुरत नाही आणि खाली त्यांना आवरत नाही, दोन्हीचं मूळ हेच.”

“खाली? खाली काय होतं?”

“सिंकातून वर येतं ना. रोज.”

“रोज? मला कोणी बोललं नाही.”

“मला काय विचारता. मी पाइपाचा माणूस. पण बाई उद्या निघाल्यात सामान बांधून, लेकीकडं. म्हणून तर मला बोलावलं.”

वर काहीतरी पडलं. मग्गा असावा. तो गडगडत कुठंतरी जाऊन थांबला आणि त्यानंतर खूप वेळ नळीतून नुसती हवा आली. थंड, खिडकीजवळची, उजेडाचा वास असलेली हवा. कितीतरी दिवसांनी ती थोरलीच्या घोट्यांना लागली.

पानाकाका खाली आला तेव्हा त्याच्या हातात बादली होती. “हे बघा. आणि वरच्या वहिनी म्हणतात काढू नका! लोक कशाला जीव लावतील, सांगता येत नाही.”

बादलीत एक काळपटलेलं, पिळवटलेलं कापड होतं. थोरलीनं ते दोन बोटांनी उचललं, नळाखाली धरलं. काळं पाणी निघालं, मग राखाडी, मग आतला रंग दिसायला लागला. गुलाबी. कडेला उलट्या टाक्यांची वेल. कोपऱ्यात एक कावळा. काढायची होती चिमणी, ती जमली नव्हती.

दुपटं होतं. पुतणी जन्मली तेव्हा तिनं शिवलेलं. डोळ्यांत तेल घालून शिवलं होतं. बाळाला टोचू नये म्हणून गाठी सगळ्या आतल्या बाजूला घेतल्या होत्या.

“म्हणजे मुद्दाम,” ती म्हणाली.

“काय?”

“काही नाही. किती वेळ लागेल अजून?”

“झालंच. पाइप वर घेऊन बांधलाय. शेवटचं एक बघू. मी अंगणात चेंबरपाशी उभा राहतो, पाणी सरळ येतंय का बघायला. तुम्ही इथं सिंकवर डोळा ठेवा. त्या वर मशीनपाशी थांबल्यात, बोट बटणावर. चढायला लागलं तर त्यांना थांबवा. जिन्यात जायला नको, नळी उघडी आहे, इथूनच बोला.” तो दाराशी जाऊन पुन्हा वळला. “आणि आधी त्यांना सांगा, सोडा म्हणून. आंधळं नको सोडायला.”

तो गेला. आतल्या खोलीत पलंगावर उघडी बॅग पडली होती. मोरीत थोरली, हातात ओलं दुपटं. वर, भिंतीच्या दुसऱ्या टोकाला, कोणीतरी श्वास घेत होतं. नळी तो श्वास जसाच्या तसा खाली आणत होती.

अंगणात चेंबरचं झाकण सरकल्याचा आवाज आला.

“ताई.” आवाज आता कोवळा नव्हता. पण शेवटाला तसाच वर उचललेला. “मोरीत आहात का? सोडू का पाणी?”

थोरलीच्या तोंडाशी ‘सोड’ आलंच होतं. सवयीनं. ते तिनं दातांखाली धरलं.

“दुपटं का कोंबलंस त्यात?” तिनं विचारलं.

तिनं दुपट्यातलं उरलेलं पाणी पिळून काढलं.

“घरात दुसरी चिंधी नव्हती? जुना टॉवेल नव्हता? पोरीच्या अंगावरचं माझ्या हातचं घ्यायचं आणि मोरीच्या नळीत घालायचं. एवढी घाण वाटायला लागली माझी?”

“ताई, असं नका हो बोलू.”

“मग कसं बोलू? हवेत बोलू?”

तो शब्द वर पोचला. तो नळीतून चढताना थोरलीला जणू ऐकू आला. वरचा श्वास अडखळला.

“तो शब्द मी रोज गिळते,” धाकटी म्हणाली. “रोज. पोरीच्या हातातली दोरी त्याच दिवशी काढून घेतली. पण तुम्ही हात ओढून घेतलात आणि मग मला तोंड कुठून राहणार? जिन्यापर्यंत यायचे. चार पायऱ्या उतरायचे. परत वर जायचे.”

“दुपट्याचं विचारतेय मी.”

“तेच सांगतेय. तुम्ही रडायचात, ताई. इथं मोरीत बसून. नळ सोडून. तुम्हाला वाटायचं नळाच्या आवाजात कोणाला कळत नाही. मला सगळं ऐकू यायचं. भांडी घासताना, पोरीची वेणी घालताना, हे जेवत असताना. हे म्हणायचे, जा ना खाली. कुठल्या तोंडानं जाऊ? ऐकवतही नव्हतं आणि खाली जाववतही नव्हतं. एक दिवस हाताला लागलं ते घेतलं आणि नळीत घातलं. नाही, हाताला लागलं नाही. खोटं बोलले. टॉवेल होता शेजारीच. पण तो खरखरीत होता.” ती थांबली. “तुमचं रडणं अडवायचंच होतं तर निदान मऊ कशावर तरी अडावं, असं वाटलं. वेडेपणा. त्या दिवसापासून मला एक शांत झोप लागली असेल तर शपथ. ऐकू येत होतं तेव्हा निदान कळत तरी होतं की तुम्ही आहात.”

आतल्या खोलीत फोन वाजायला लागला. लेक असणार. गाडी किती वाजता, बॅगा किती, विचारायला. वाजून वाजून तो थांबला. पुन्हा वाजला. थोरली हलली नाही. तिनं दुपटं उलगडलं, मांडीवर पसरलं आणि आतल्या बाजूच्या गाठींवरून बोट फिरवलं. इतक्या दिवसांच्या ओलीतही एक गाठ सुटली नव्हती.

“ताई? ऐकताय ना? जाऊ नका हो. पाणी मी बादलीनं नेऊन अंगणात टाकीन पाहिजे तर. मशीन परत करीन. पण घर सोडून नका जाऊ.”

“अहो, सोडा की पाणी कोणीतरी!” अंगणातून पानाकाका ओरडला. “चेंबरात बघून बघून डोळे गेले माझे!”

नळीच्या दोन्ही टोकांना दोघी एकदम हसल्या. हसणं मधेच कुठं तरी रडण्यात वळलं, तेही दोन्हीकडे एकदमच. थोरली फरशीवर बसली, अगदी जाळीला टेकून, पूर्वी बसायची तशी. तिच्या ध्यानात आलं की आपण किती अचूक तिथंच बसलो आहोत. त्या दिवसांतही असंच बसायचो. घरात एवढ्या खोल्या असताना. दार लावून उशीत तोंड खुपसता आलं असतं, अंगणाच्या कोपऱ्यात जाता आलं असतं. पण पाय इथंच वळायचे.

तिनं जाळीजवळ तोंड नेलं.

“धाकटे, ऐक. नळ मी कधीच पुरता सोडत नव्हते. नुसती धार ठेवायचे, जेमतेम. आवाज झाकला जाऊ नये म्हणून.” ती जाळीवर आणखी वाकली. “अगं, वर तुला ऐकू जावं म्हणूनच मी इथं येऊन रडत होते.”